टाचांवर

रॉकेलच्या रांगेतल्या सगळ्या बायकांबरोबर नलिनीही हसली. हसू अजून तोंडावर होतं तेवढ्यात तिला दिसलं, की त्या स्कर्ट घातलेल्या पुरुषांतला एक जण नीट चालतो आहे. बाकीचे पडत होते, एकमेकांच्या खांद्यांना धरत होते, उंच टाचा वाकड्या करून मुद्दाम लोकांच्या अंगावर जात होते आणि लोक त्यांना ढकलून परत रस्त्यावर उभं करत होते. हा एकटा, पिवळ्या स्कर्टातला, कुणाला न धरता चालला होता. आधी टाच, मग चवडा. गुडघे सैल, पाठ सरळ, नजर समोर. उस्मानगंजच्या त्या रस्त्यावर साध्या चपलेनं चालतानाही नलिनीचा पाय दगडांत मुरगळायचा. तो मात्र असा चालला होता, की खालचे दगड त्याच्या ओळखीचे असावेत. मग त्यानं तोंड वळवलं. गालांना लाली, ओठांना लाल रंग, डोक्याला बायकी रुमाल. तो तिचा नवरा होता.

चौऱ्याहत्तर सालचा माघ संपत आला होता. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन काही महिने झाले होते, पण बीदरच्या कचेऱ्यांवरच्या पाट्या अजून जुन्याच होत्या. अरबांनी तेल अडवलंय, असं पेपरात यायचं. नलिनीला ते अरब कळत नव्हते. तिला रांग कळत होती. पेट्रोल महागलं आणि साहेब लोकांच्या स्कूटरी भिंतींना लागल्या, त्याचं कुणाला फार वाटलं नाही. मग बसचं तिकीट वाढलं, मग बसनं येणारी भाजी, आणि शेवटी रॉकेल. भाव वाढला आणि वाढलेल्या भावानंही मिळेना. तिन्हीसांजेला कंदील लावायचा की सकाळी स्टो पेटवायचा, यावरून घराघरांत भांडणं होऊ लागली. मागच्या खेपेला याच रांगेत दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या ओढल्या होत्या. एकीच्या कानातलं तुटून पाळी फाटली. तिनं ती पदरानं दाबून धरली, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं, पण तिनं रांग सोडली नाही. नलिनी तिच्या मागंच उभी होती. आपल्याला त्या बाईची दया आली नाही, ती रांग सोडते का एवढंच आपण बघत होतो, हे तिला घरी गेल्यावर आठवलं होतं, आणि स्टोला पंप मारता मारता तिचा हात थांबला होता.

नवऱ्यानं, नरहररावांनी, सकाळी एवढंच सांगितलं होतं, की आज मोर्चा आहे, उशीर होईल.

"पोलीस मारतील का हो?" तिनं विचारलं.

"न्हाई गं. चेष्टेचा मोर्चा हाय. काशप्पानं काढलाय."

काशप्पा त्यांच्या कचेरीतला हेडक्लार्क, युनियनचा पुढारी. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा. घरी आला की चुलीजवळच पाट ओढून बसायचा आणि "वैनी, तुमच्या हाताची भाकरी म्हंजे" असं म्हणून पुढचं वाक्य खाऊन टाकायचा. आता तो मोर्चाच्या पुढं उलटा चालत होता आणि कानडीत एकदा, मराठीत एकदा ओरडत होता, "पेट्रोल परवडंना, गाड्या ठेवा घरी, टाचा उंच करा आन् चाला. कापड परवडंना, अर्धंच नेसा." गावाबाहेर एका नाटक कंपनीचा तंबू पडला होता. क्लबातल्या बाईचं काम करणाऱ्या नटांचे स्कर्ट तिथून आणलेले दिसत होते. मागं चौघांनी खांद्यावर पुठ्ठ्याचा पेट्रोल पंप धरला होता, तिरडीसारखा. शिपाई मडिवाळप्पा पुढं मडकं घेऊन रडायचं सोंग करत होता. लोक दुतर्फा जमले होते, माड्यांवरून बघत होते. सगळं ठीक होतं. चेष्टा चेष्टेसारखी चालली होती. फक्त तो पिवळा स्कर्ट चेष्टा करत नव्हता.

आणि पायात तिच्याच चपला होत्या. काळ्या, पट्ट्याच्या, उंच टाचांच्या. लग्नानंतर हैदराबादला गेले होते तेव्हा त्यांनीच आबिदच्या बाजारातल्या एका दुकानातून घेऊन दिल्या होत्या. दुकानदारानं तिच्या मापाच्या काढल्या, तर म्हणाले, "थोड्या मोठ्याच घे. चालून पाय सुजतो." त्या घालून ती दुकानाच्या पायरीवरच पडली. गुडघा फुटला. मग त्या ट्रंकेत गेल्या, नव्या लुगड्यांच्या खाली, आणि ती विसरली. दोन-तीन वर्षांनी कशासाठी तरी ट्रंक उपसली तर टाचा झिजलेल्या. पट्ट्याचं भोक ओढून मोठं झालेलं. तेव्हा भांड्याला नागूबाई यायची. मागच्या दारी राखेनं पातेलं घासत बसलेल्या नागूबाईच्या पुढ्यात तिनं त्या चपला टाकल्या. नागूबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझ्या पायाकडं तरी बघा." भेगाळलेली, चिखलानं कायमची काळी झालेली टाच तिनं वर करून दाखवली. त्या टाचेकडं बघूनच नलिनीला राग आला. तिनं नागूबाईच्या तोंडात मारली. एकदा मारल्यावर हात थांबला नाही. राखेचा हात तोंडावर धरून नागूबाई गेली, ती त्या गल्लीत परत कामाला आली नाही, कारण मग गल्लीतल्या कुणीच तिला ठेवलं नाही. ते सगळं होत असताना नरहरराव आतल्या खाटेवर पेपर वाचत होते. दार उघडं होतं. त्यांनी पान उलटलं नव्हतं, हे नलिनीला आता, या उन्हात, रांगेत, अगदी स्वच्छ आठवलं. इतका वेळ एकच पान.

म्हणून तिच्या पोटातून जे वर आलं ती लाज नव्हती. लाज असती तर ती पदर ओढून पळाली असती. तिला मारावंसं वाटलं. त्या सरळ पाठीत काहीतरी घालावं, तो गुडघा मागून मोडावा. इतक्या वर्षांत, दुपारी ती शेजारी हळदी-कुंकवाला गेली की, दाराला कडी लावून हा माणूस तिच्या घरात, तिच्या फरशीवर, तिच्या चपलांत फिरत होता. येरझाऱ्या घालत होता. टक, टक. ती घरी आली की "आलीस का, चहा टाकतेस?" असं म्हणत होता. रात्री तिचे पाय चेपून द्यायचा. तिला वाटायचं माया आहे. मायाच होती की काय. अंगठ्यापासून टाचेपर्यंत तो असा हात फिरवायचा, जसं कुणी दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून चालावं.  मागची बाई म्हणत होती, "अगं बया, त्यो पिवळा बघ की. अस्सल बाईच जणू." तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि रिकामा डबा पोटाशी धरून ती एक पाऊल पुढं सरकली, कारण रांग सरकली होती.

मंठाळला, तिच्या माहेरी, पोतराज यायचा. कमरेला रंगीत खणांचा घोळदार झगा, पायात घुंगरं, वरचं अंग उघडं, केस मोकळे. त्याच्या बायकोच्या डोक्यावर देवी असायची. तो दारात उभा राहून आसूड फिरवायचा, हवेत फटकारे वाजायचे, आणि मग तोच आसूड स्वतःच्या दंडावर, पाठीवर. रक्त यायचं. ते आलं की आजूबाजूच्या बायका सूप घेऊन बाहेर यायच्या, ज्वारी घालायच्या, पोरांना त्याच्या पायावर घालायच्या. नलिनीला त्या आसुडाच्या आवाजानं ताप यायचा. पण त्याच्या झग्याला कधी कुणी हसलं नाही. आता तिच्या डोक्यात आलं, की हसणार कसे? त्यानं आपलं रक्त आधीच काढून दिलेलं असायचं. हा मात्र काही न देता चालला आहे. अंगाला एक ओरखडा नसताना, पावडर लावून, दिवसाढवळ्या. याच्याकडून लोक ते घेतल्याशिवाय राहणार नाहीत. हा विचार तिनं केला नव्हता. तो तिला दिसला, समोरून गाडी येताना दिसावी तसा.

मोर्चा रांगेसमोरच अडला. पुढं चौकात बैलगाडी आडवी झाली होती. बाकीचे स्कर्टवाले घाम पुसत उभे राहिले. नरहरराव एका पायावर भार देऊन, दुसरा गुडघा किंचित वाकवून उभे राहिले. तेवढ्यानंही माडीवरून कुणीतरी शीळ घातली. "ये असली है रे, चाल देखो इसकी," असं म्हणत दोघं-तिघं पोरं जवळ आली. काशप्पाचं तोंड बदललेलं नलिनीनं पाहिलं. तो हसतच नरहररावांजवळ आला आणि दात न उघडता बोलला, पण ती अगदी जवळ होती, तिला ऐकू आलं.

"नरहर, जरा लडखड की. लोक बघायलेत."

"व्हय."

"व्हय काय व्हय. पड की जरा. मोर्चाची चेष्टा करायलास का आमची?"

नरहरराव लडखडले. एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. ते इतकं खोटं होतं, की पोरं गप्प झाली. मोर्चा परत हलला. आणखी दोन पावलं ते तसेच वाकडे चालले, मग त्यांनी मान वर करून रांगेकडं पाहिलं, आणि पुढचं पाऊल सरळ पडलं. त्याच्या पुढचंही. आता तर कंबरही हलत होती, थोडीशी, लयीत. अंकुशराव, त्यांच्याच टेबलासमोर बसणारा, लाल स्कर्टातला, त्यांच्यापासून हातभर लांब सरकला. त्याला सरकलेला पाहून दुसराही सरकला. रस्त्याच्या मधोमध त्यांच्याभोवती एक मोकळी जागा तयार झाली. त्या जागेत पहिली चप्पल पडली ती कुणी फेकली ते दिसलं नाही. ती लागली नाही. लोक परत हसले, पण आता हसण्यात सगळ्यांचा आवाज नव्हता.

नलिनीचा नंबर लागला होता. दुकानदारानं डबा भरून तिच्या हातात दिला. थंड पत्रा, बोटांना लागलेलं तेल, नाकात चढणारा वास. तेवढ्यात पुठ्ठ्याच्या पंपाबरोबरचा एक जण धावत रांगेकडं आला. "अक्का, वाईच तेल द्या की. पंप भिजवायचाय." बायकांनी डबे मागं घेतले. कुणी म्हणालं, पोराच्या दुधाला न्हाई आन् पुठ्ठ्याला कुठलं. पुढच्या चौकातून ओरडण्याचा आवाज येत होता, त्यात पिवळ्याचं नाव होतं, शिवी होती. नलिनीनं तो आवाज ऐकला. त्या माणसाचा पसरलेला हात पाहिला. आणि अख्खा डबा त्याच्या हातात दिला. कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. डबा तिच्या हातातून गेला तेव्हा तिच्या दंडातली शीर सैल पडली, आणि फार दिवसांनी एखादं काम मनासारखं झाल्यावर वाटतं तसं तिला वाटलं. ते वाटणं किती वेळ टिकलं, हे पुढं ती कितीदा मोजायला बसली, तरी तिला मोजता आलं नाही.

मग ती चौकाच्या दिशेनं चालू लागली. घर उलट्या बाजूला होतं.

गर्दीत शिरताना आधी पाठी दिसल्या. घामानं भिजलेले सदरे, वर होणारे हात. तिनं कोपर मारून वाट काढली. मधे तो पुठ्ठ्याचा पंप पेटला होता, ज्वाळा पिवळ्या उन्हात नीट दिसतही नव्हत्या, फक्त हवा हलत होती. आणि त्याच्या पलीकडं स्कर्ट घातलेले पुरुष एका स्कर्ट घातलेल्या पुरुषाला मारत होते. आपापल्या उंच टाचांच्या चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या. अंकुशरावाचा लाल स्कर्ट लाथ घालताना वर उडत होता आणि खालची केसाळ पोटरी, खाकी चड्डी दिसत होती. लालीनं आणि घामानं त्याचं तोंड बरबटलं होतं. तो एकेक शब्द बोलून एकेक लाथ घालत होता. "आमी. चेष्टा. करायलाव. तू. काय. करायलास." टाच डोक्यावर लागली की लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज यायचा. नरहरराव ओरडत नव्हते. पोटात गुडघे घेऊन, दोन्ही हातांनी कान झाकून पडले होते. कुणीतरी त्यांचा उजवा पाय धरला, चप्पल निघेना म्हणून पट्ट्यासकट पिळला, आणि घोट्यातून असा आवाज आला, की मारणारेही क्षणभर थांबले. नलिनीला वाटलं, आता संपलं. लोक आता घरी जातील.

तर मडिवाळप्पानं तिचा डबा उचलला. तळाशी अजून तेल होतं. "ह्याला बी पाजा की थोडं," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जसा तो कचेरीत पाणी आणू का म्हणून विचारायचा. तेल पिवळ्या स्कर्टवर पडलं, कमरेवर, मांडीवर. पिवळा रंग काळा झाला. काशप्पा म्हणाला, "ए, बास रे, मडिवाळ," पण तो मागं सरकत म्हणाला. मडिवाळप्पानं खिशातून काड्यापेटी काढली. तो पेटवणार होता की नुसता भिववणार होता? पुढं सगळे म्हणाले, नुसता भिववणार होता. नलिनीनं त्याची बोटं पाहिली होती. बोटं काडी निवडत होती.

अंकुशरावाच्या हातातली चप्पल तिच्या हातात कशी आली, ते तिला सांगता येणार नाही. टाचेचं टोक खाली करून तिनं ती मडिवाळप्पाच्या तोंडावर घातली. पहिल्या खेपेला गालाचं हाड लागलं. दुसऱ्या खेपेला काहीतरी मऊ लागलं. मडिवाळप्पा खाली बसला, दोन्ही हात तोंडावर घेऊन, आणि हातांच्या फटींतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. तिनं आणखी मारलं. डोक्यावर, बोटांवर. तिला तिचा स्वतःचा श्वास ऐकू येत होता आणि त्या श्वासात एक सुख होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. कुणीतरी तिचा हात धरायला आलं तर तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. मग कुणी आलं नाही.

"हा माझा नवरा आहे," ती म्हणाली. "सरका."

आग चार हातांवर होती आणि तो तेलानं भिजलेला. तिनं त्यांच्या बगलेत हात घालून ओढलं. उजवं पाऊल उलट्या बाजूला वळलेलं, दगडांवरून घासत येत होता. थोडा रस्ता ओढल्यावर एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं काही न बोलता घोडं वळवलं आणि दोघांना आत घेतलं. टांग्यात तिनं आपल्या पदरानं त्यांच्या ओठांचा रंग पुसायला सुरुवात केली. रंग गेला तरी लाल येतच राहिलं.

सरकारी दवाखान्यात त्यांना खाट मिळाली ती व्हरांड्यात. घोटा मोडला होता, दोन बरगड्या, आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं. ड्रेसिंग करणाऱ्यानं स्कर्ट कात्रीनं कापून काढला, कोपऱ्यात टाकला आणि नलिनीकडं न बघता विचारलं, "नाटकात काम करतात का?" ती "व्हय" म्हणाली. रॉकेलचा वास मात्र गेला नाही. चादरीला, त्यांच्या केसांना, तिच्या बोटांना. ती जेवायला बसली की भाताला तो वास यायचा.

काशप्पा मोसंबी घेऊन आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, बसला नाही. "चेष्टा होती, वैनी. जरा जास्त झाली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मडिवाळचा डोळा गेला. त्यानं सायकलीवरनं पडलो म्हणून लिहून दिलंय. तुम्ही बी चेंगराचेंगरीत लागलं म्हणा. कुणाचं नाव नको. नरहरची बदली करून घेतो मी, संतपूरला. तिकडं कुणाला म्हाईत न्हाई."

नलिनीनं मोसंबी पिशवीतून काढून एकेक करून खाटेखाली ठेवली. "त्याला पोरं किती?" तिनं विचारलं.

"कुणाला? मडिवाळला? तीन."

तिनं रिकामी पिशवी घडी करून त्याच्या हातात दिली. काशप्पानं ते होकार म्हणून घेतलं, आणि तो होकारच होता.

तो गेल्यावर व्हरांड्यात ऊन सरकत आलं. नरहरराव छताकडं बघत होते. ओठ सुजलेले, शब्द नीट निघत नव्हते.

"नलू."

"हं."

"तू रांगेत दिसलीस. मग मला लडखडता येईना."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.

"वाटलं, तू बघायलीस तर एकदा नीट बघ." ते थांबले. "मिशनच्या शाळेत एक मड्डम होती. वऱ्हांड्यातनं चालत यायची. पोरं म्हणायची, मड्डम आली, गप बसा. मला वाटायचं आपण बी तसं यावं. एवढंच होतं. दुसरं काही न्हाई त्यात. तुला वाटेल काय काय. न्हाई."

"नागूबाईला मी मारलं होतं," नलिनी म्हणाली.

 "ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "सगळं."

"तेल माझ्या डब्यातलं होतं."

"डबा ओळखला मी."

व्हरांड्यातून कुणीतरी मेलेलं माणूस स्ट्रेचरवर नेलं, त्याची बायको पाठीमागं रडत गेली. तो आवाज लांब गेला. मग नरहररावांनी पाणी मागितलं. तिनं चमच्यानं पाजलं. त्यांच्या घशाची गाठ वर-खाली होताना तिला दिसत होती, आणि चमच्याच्या दांड्यावरची तिची बोटं तिला मडिवाळप्पाच्या बोटांसारखी दिसली. त्यानंतर या गोष्टीवर ते दोघं कधीही बोलले नाहीत.

संतपूरला ते गेले तेव्हा शेतं काढून झाली होती, रानात नुसती ज्वारीची धसकटं. बस औरादच्या अलीकडं डिझेल संपून थांबली आणि लोक शिव्या देत उतरून चालू लागले. नरहररावांना चालता येईना. प्लास्टर निघालं होतं, पण घोटा चुकीचा जुळला होता. पाऊल खाली वाकून तसंच राहिलं होतं. चवडा टेकायचा, टाच जमिनीला लागायची नाही. काठी घेऊन ते एकेक पाऊल उपटून टाकल्यासारखं टाकत. बीदरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की आता हे असंच राहणार, त्या पायाच्या बुटाला उंच टाच करून घ्या, म्हणजे कंबर तरी मोडणार नाही.

गावात त्यांना कुणी काही विचारलं नाही. मोर्चात पाय मोडला, असं काशप्पानं आधीच पोचवलं होतं, आणि महागाईच्या मोर्चात पाय मोडलेला कारकून म्हणून लोक त्यांना ओट्यावर बसायला जागा द्यायचे. घरात ते फार बोलत नसत. दुपारी ती कुठं बाहेर गेली तर दाराला कडी लावत नसत. ते दार सताड उघडं बघून ती उंबऱ्याबाहेरच थांबायची. रात्री तिला मडिवाळप्पा दिसायचा, खाली बसलेला, आणि स्वप्नात तिचा हात थांबायचा नाही. ती उठून बसायची. शेजारी तेही जागे असायचे. रॉकेल त्या गावात मिळतच नव्हतं. करडईच्या तेलाची पणती असायची, आणि तिच्या उजेडात दोघं एकमेकांच्या सावल्यांकडं बघत पडून राहायची.

बाजाराच्या दिवशी ती त्यांना घेऊन बूट शिवणाऱ्याकडं गेली. वडाखाली बसणारा म्हातारा माणूस, तेलुगू-मराठी मिसळून बोलणारा. त्यानं नरहररावांचं पाऊल मांडीवर घेतलं, उलटंसुलटं केलं, दोऱ्यानं माप घेतलं. "चार बोटं उंच लागेल, अप्पा," तो म्हणाला. "लाकूड घालतो आत. वरनं कातडं." आरीनं तळ उकलून, लाकडाचा तुकडा तासून, तो खिळे ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला नरहररावांची पापणी हलायची. नलिनी उभी होती. हातोडीचा आवाज तिच्या दातांत जात होता. बूट तयार झाला. काळा, मजबूत, एकच टाच उंच. म्हाताऱ्यानं तो पायात चढवून दोरी बांधली आणि म्हणाला, "उभं ऱ्हावा बरं."

ते उभे राहिले. उजवी बाजू उंच, डावी खाली. सगळं अंग एका बाजूला कललेलं. ते हसले नाहीत, रडलेही नाहीत. त्यांनी काठी उचलली.

"दुसऱ्याला बी लावा," नलिनी म्हणाली.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "बाई, तो पाय तर चांगलाय की."

"असू द्या. तेवढीच लावा."

नरहरराव तिच्याकडं बघत राहिले. तिनं त्यांच्या पायातला डावा बूट स्वतः वाकून काढला, धूळ झटकली आणि म्हाताऱ्यापुढं ठेवला. म्हातारा क्षणभर घुटमळला, मग त्यानं लाकडाचा दुसरा तुकडा घेतला. दुसरी टाच बसेपर्यंत बाजार भरत आला होता. मिरच्यांची पोती, कोंबड्या, घागरी. नरहररावांनी दोन्ही बूट घातले, काठी तिच्या हातात दिली आणि वडाखालून बाहेर आले. उजवा पाय दुखत होता, ओढत होता. डावा मात्र मोर्चात पडला होता तसा पडला, आधी टाच, मग चवडा. माणसं वळून बघू लागली. नलिनी काठी घट्ट धरून त्यांच्या मागून चालत होती. माणसांच्या तोंडांकडं तिनं पाहिलं नाही. ती त्यांचे हात बघत होती, एकेकाचे, कुणाच्या हातात काय आहे ते.